ओठावरची काळी रेघ

२०२० सालच्या मार्चचा पहिला आठवडा होता. साथीच्या बातम्या टीव्हीवर येत होत्या, पण आमच्या जिल्ह्याच्या गावात अजून कुणी मास्क लावलेला नव्हता. सोनोग्राफीच्या टेबलावर एक पहिलटकरीण होती, विसावा आठवडा. सोबत सासूबाई, नवरा बाहेर बाकावर. डोकं, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं असं ओळीनं पाहत मी बाळाच्या चेहऱ्याशी आले. नाकपुड्या दिसल्या, हनुवटी दिसली. मध्ये वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, एक बारीक काळी रेघ होती.

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. ओठ सलग असेल तर तिथे राखाडी-पांढरी पट्टी दिसायला हवी. पट्टीत काळं दिसलं, म्हणजे गर्भजल तिथवर शिरलेलं आहे, म्हणजे ओठ तिथे जुळलेला नाही. मी प्रोब फिरवत राहिले आणि बोलायची थांबले. हे थांबणं टेबलावरच्या बाईला लगेच कळतं, हा माझा वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे. "मॅडम, काय झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिच्या आधी सासूबाई बोलल्या, "तरी मी हिला म्हटलं होतं, गिराणात विळी हातात धरू नको." डिसेंबरच्या २६ तारखेला सूर्यग्रहण होतं. त्या दिवशी तिनं मेथी निवडून चिरली होती.

गर्भातल्या बाळाचा दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू जन्माआधी कशी दिसते, कधी दिसत नाही आणि दिसल्यावर पुढे काय, याबद्दल मी हा लेख लिहिते आहे. तपासणीची पुस्तकं यातल्या पहिल्या प्रश्नावर भरभरून बोलतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरं मला बरीच उशिरा आणि काही चुका करून मिळाली.

चेहरा जुळतो तेव्हा

आपला चेहरा एका तुकड्यात तयार होत नाही. सुरुवातीला पाच उंचवटे असतात: कपाळाकडून खाली येणारा एक, वरच्या जबड्याचे दोन्ही बाजूंनी येणारे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात हे उंचवटे एकमेकांकडे सरकतात, टेकतात आणि एकजीव होतात. नाकाखाली, वरच्या ओठाच्या मधोमध जी पन्हळ असते, तिच्या दोन कडांवर बोट फिरवून पाहा. वरचा ओठ साधारण तिथेच दोन्ही बाजूंनी सांधला गेलेला असतो. म्हणून फाटलेला ओठ बहुधा बरोबर मध्यावर फाटलेला नसतो, एका बाजूला असतो. डाव्या बाजूला तो जास्त आढळतो. डावा, उजवा आणि दोन्ही बाजूंचा यांचं प्रमाण साधारण सहास तीनास एक असं सांगितलं जातं.

टाळूची गोष्ट याच्या थोडी नंतरची. तोंडाच्या दोन बाजूंना दोन पडदे असतात. सुरुवातीला ते जिभेच्या दोहों अंगांना खाली लोंबत असतात, कारण जीभ मध्ये असते. पुढे जबडा वाढतो, जीभ खाली बसते, पडदे उचलले जाऊन आडवे होतात आणि पुढून मागे असे जुळत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत हे काम पुरं होतं. मुलींमध्ये ते सुमारे आठवडाभर उशिरा होतं. केवळ टाळू दुभंगलेली असणं मुलींमध्ये अधिक आणि ओठ फाटलेला असणं मुलांमध्ये अधिक दिसतं. यातल्या पहिल्या गोष्टीचं एक कारण हा उशीर असावा, असं मानलं जातं.

जगभरात साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली असतात. म्हणजे ही जन्मजात व्यंगांतली दुर्मीळ बाब नाही. वाग्भटानं ओठाच्या रोगांमध्ये 'खंडौष्ठ' असं नाव नोंदवलेलं आहे, इतकी ती जुनी ओळख आहे. कारणं मात्र एकात एक गुंतलेली. काही जनुकं, आईचा आधीपासूनचा मधुमेह, धूम्रपान, फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं यांनी धोका वाढतो. पण बहुतेक घरांत बोट ठेवावं असं एकही कारण सापडत नाही.

आता त्या मेथीकडे येते. मी कॅलेंडर काढून सासूबाईंना हिशेब दाखवला. आम्ही डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतो, प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर दोनेक आठवड्यांनी होते. त्या हिशेबानं ग्रहणाच्या दिवशी गर्भ आठ आठवड्यांचा होता. ओठ जुळायची मुदत तोवर उलटून गेली होती. "काकू, विळी हातात घेतली तेव्हा ओठाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं," मी म्हटलं. त्या गप्प झाल्या. मला बरं वाटलं.

रात्री घरी आल्यावर लक्षात आलं, की मी चुकीचा युक्तिवाद केला होता. ग्रहण दोन-तीन आठवडे आधी आलं असतं तर? मग मी काय म्हटलं असतं? मी सुनेला तारखेच्या आधारावर निर्दोष सोडवलं, पण तिच्यावरचा खटलाच खोटा आहे हे सांगायचं राहूनच गेलं. ग्रहण सगळ्या मुलखावर एकाच वेळी लागतं. त्या दिवशी लाखो गरोदर स्त्रिया स्वयंपाक करतात, आणि त्यांची बाळं इतर दिवसांच्या बाळांपेक्षा वेगळी निघत नाहीत. ही समजूत आपल्यापुरतीही नाही. मेक्सिकोत ग्रहणाच्या वेळी गरोदर बाई पोटाशी सेफ्टी पिन किंवा किल्ली लावते, बाळाचा ओठ कुरतडला जाऊ नये म्हणून. दोन टोकांच्या दोन देशांत आईच्याच हाताकडे बोट दाखवलं गेलं आहे. पुढच्या भेटीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा नवऱ्यालाही आत बोलावून घेतलं.

काय दिसतं

पोटावरून ध्वनिलहरी सोडून गर्भ पाहता येतो, हे ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली जगासमोर मांडलं. ओठाची फट जन्माआधी दिसू शकते, हे नोंदवलं जायला त्यानंतर दोन दशकं लागली. १९८१ साली क्राइस्ट आणि मेनिंजर यांचा त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध झाला. तो आला प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात, हे मला अर्थपूर्ण वाटतं. ज्यांना पुढे ओठ शिवायचा असतो, त्यांना तो आधी कळण्याची किंमत सर्वात आधी कळली.

अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान जो अॅनोमली स्कॅन करतात, त्यात वरचा ओठ पाहणं हा ठरलेला भाग आहे. बाळ काचेला नाक लावून उभं आहे अशी कल्पना करा. तसा समोरून छेद घेतला, की दोन नाकपुड्या, वरचा ओठ आणि हनुवटी एका चित्रात येतात. मग आडवा छेद घेऊन हिरडीची कमान पाहायची, कारण फट ओठापुरती आहे की हिरडीतून मागे गेली आहे, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. दोन्ही बाजूंची फट असेल तर मधला तुकडा पुढे आलेला दिसतो आणि बाजूनं चेहरा पाहताना नाकाखाली उंचवटा जाणवतो. फट बरोबर मध्यावर असेल तर मात्र लगेच मेंदूकडे परत जायचं. ती वेगळी आणि बहुतेक वेळा गंभीर गोष्ट असते.

फसगतही होते. नाळेचा वेढा ओठावर टेकलेला असला, की त्याच्या कडेनं फट असल्यासारखं दिसतं. बाळाची मूठ तोंडाशी असते, चेहरा आईच्या पाठीकडे वळलेला असतो, गर्भजल कमी असतं, पोटावर चरबी किंवा जुन्या टाक्यांचा व्रण असतो. म्हणून एका चित्रावरून निदान करू नये, दोन वेगळ्या छेदांत तीच फट दिसली पाहिजे. त्या दिवशी मी त्या मुलीला अर्धा तास बाहेर चालायला लावलं, काहीतरी खाऊन ये म्हटलं आणि पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच होती, हिरडीपर्यंत गेलेली.

काय दिसत नाही

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. ती या घटनेच्या बरीच आधीची.

एका बाईचा स्कॅन करून मी अहवालात 'चेहरा सामान्य' असे दोन शब्द लिहिले होते. बाळ झालं. ओठ छान, नाक छान. पण दूध पाजलं की नाकातून येई, बाळ थकून झोपी जाई, वजन उतरत होतं. चौथ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी बॅटरीच्या उजेडात जीभ दाबून आत पाहिलं. टाळूचा मागचा, मऊ भाग दुभंगलेला होता. महिन्याभरानं ती बाई बाळाला घेऊन माझ्याकडे आली. भांडायला आली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही, की दिसलं आणि तुम्ही सांगितलं नाही?"

खरं उत्तर तिसरंच होतं: मी तिथे पाहिलंच नव्हतं. ते नेहमीच्या तपासणीत पाहताही येत नाही, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.

टाळू का दिसत नाही? ती तोंडाच्या आत, वरच्या जबड्याच्या हाडामागे असते. हाड ध्वनिलहरी अडवतं आणि मागे सावली पाडतं. टाळू कमानीसारखी वळलेली, त्यामुळे ती एका सपाट छेदात येत नाही. खालून जीभ चिकटलेली असते, त्यामुळे फटीत पाणी साचून काळं दिसावं अशी सोयही नसते. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. धोका नसलेल्या सर्वसाधारण गरोदर स्त्रियांच्या द्विमिती तपासणीत ओठाचं व्यंग सापडण्याचं प्रमाण अभ्यासागणिक ९ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत होतं. यावरून पाहणाऱ्याच्या हाताचा, यंत्राचा आणि त्यानं दिलेल्या वेळाचा फरक किती पडतो ते कळतं. केवळ टाळूचं व्यंग सापडण्याचं प्रमाण होतं ० ते २२ टक्के.

यावर उपाय निघत आहेत. लंडनच्या स्टुअर्ट कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००३ साली त्रिमिती चित्र उलटं फिरवून, चेहऱ्याच्या आतून बाहेर पाहण्याची पद्धत मांडली. पडजीभ नीट जुळलेली असेल तर ती ठरावीक छेदात बरोबरच्या चिन्हासारखी, दोन समांतर रेघांसारखी दिसते. हे २०१० मधलं निरीक्षण आज फार उपयोगी पडतं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या स्कॅनमध्येही वरच्या जबड्याच्या रेषेतला खंड शोधला जातो. मोठ्या शहरांत गर्भाचा एमआरआय होतो. पण हे सगळं संशय असेल तिथे आणि सवयीच्या हातांनी. तालुक्याच्या गावी रांगेतल्या विसाव्या बाईच्या वाट्याला ते येत नाही.

म्हणून दोन गोष्टी मी बदलल्या. 'चेहरा सामान्य' असं लिहिणं सोडलं. आता लिहिते: 'वरचा ओठ सलग दिसला. हिरडीची कमान दिसली. टाळूचं व्यंग या तपासणीत वगळता येत नाही.' आणि हे तोंडानंही सांगते. दुसरं, ओळखीच्या प्रसूतितज्ज्ञांना विनंती करते, की जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं तोंड बॅटरीच्या उजेडात मागपर्यंत पाहा. नुसतं बोट फिरवून मऊ टाळूची फट निसटते.

शब्दांचीही एक गंमत आहे, हसू न येणारी. मराठीत 'टाळू' म्हणजे तोंडातली वरची बाजू आणि टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरचा मऊ भागही, जिथे आजी तेल भरते. "टाळू दुभंगलेली असू शकते," असं मी एकीला म्हटलं, तेव्हा तिनं घाबरून स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून मी माझं तोंड उघडून बोटानं दाखवते.

दिसल्यानंतर

फट दिसली की पहिला प्रश्न: ती एकटीच आहे का? ओठाचं व्यंग असलेल्या सुमारे ७० टक्के बाळांत दुसरं काही नसतं. केवळ टाळूचं असेल तर हे प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून हृदय, मेंदू, हातपाय, मूत्रपिंडं, खालचा जबडा हे सगळं पुन्हा नीट पाहायचं. जबडा फार लहान आणि टाळू फाटलेली असेल, तर जीभ मागे पडून जन्मतः श्वास अडू शकतो. तिथे प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवल्यानं जीव वाचतो. दुसरी व्यंगं दिसली तर गर्भजलाची जनुकीय तपासणी सुचवतात. आईवडिलांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत का, हेही पाहावं. एका विशिष्ट आनुवंशिक प्रकाराची ती खूण असते आणि त्यात पुढच्या प्रत्येक बाळाला निम्मा धोका असतो. एरवी आईवडिलांना हे व्यंग नसताना एक मूल असं झालं, तर पुढच्याला होण्याची शक्यता शंभरात साधारण चार.

दुसरा प्रश्न घरचे विचारतात, बहुधा दाराशी उभं राहून, हळू आवाजात: "मॅडम, मग हे ठेवायचं का?"

कायदा सांगते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं, वीस ते चोवीसच्या दरम्यान ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असल्याचा निर्वाळा वैद्यकीय मंडळानं दिला तरच. निर्णय बाईचा. पण निर्णय कशाबद्दल घ्यायचा, हे तिला आधी कळायला हवं. आमच्या राज्याला याची जाण असायला हवी. पोटातल्या बाळाचं लिंग पाहून गर्भ पाडण्याविरुद्ध देशात सर्वात आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानं कायदा केला. सहा वर्षांनी तो देशाचा झाला. माझ्या खोलीबाहेर त्याची पाटी आहे. जे यंत्र व्यंग शोधायला दिलं, ते मुली शोधायला वापरलं गेलं, हे त्या पाटीमागचं सत्य. म्हणून दिसलेली गोष्ट कशी सांगायची, ही माझ्या दृष्टीनं तपासणीइतकीच तांत्रिक बाब आहे.

मी आता असं सांगते. आधी, काय चांगलं आहे: मेंदू, हृदय, हातपाय. मग ओठ. मग शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे दुसऱ्या मुलांचे फोटो, आईवडिलांच्या परवानगीनं ठेवलेले. आणि दोन दिवसांनी पुन्हा या, कारण पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आधी कळण्याचा उपयोग

गर्भातच ओठ शिवता येत नाही. मग आधी कळून काय मिळालं, असं कुणी विचारेल. वेळ मिळाला.

पहिला उपयोग दुधाचा. केवळ ओठाला फट असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं. टाळूही फाटलेली असेल तर तोंडात पोकळी तयार होत नाही, ओढ लागत नाही. अशा बाळाला आईचं दूध काढून, उभट धरून, बोंडल्यानं किंवा दाबता येणाऱ्या बाटलीनं थोडं थोडं पाजायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. हे प्रसूतीआधी शिकलेली आई पहिल्या दिवशी हबकत नाही. न शिकलेल्या घरात पहिल्या आठवड्यातच उपासमार सुरू होते.

दुसरा उपयोग वेळापत्रकाचा. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात. दहा आठवडे, दहा पौंड वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना दहाचा नियम अजून उपयोगी आहे. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल बोलू लागण्याच्या वयात. प, ब, ट, क म्हणताना तोंडात हवा दाबून धरावी लागते. टाळूतून ती नाकात निसटली, की प-ब चा म होतो आणि मूल गेंगाणं बोलतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वाचोपचार लागतात. कानात पाणी साचतं, म्हणून कान तपासत राहावे लागतात. हिरडीत हाड भरायची शस्त्रक्रिया आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास. हे पंधरा-अठरा वर्षांचं काम आहे, आणि ते लपवू नये.

तिसरा उपयोग पैशाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे आणि उपचार मोफत आहेत. स्माइल ट्रेनसारख्या संस्थांच्या मदतीनंही देशभर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. हे ठाऊक नसल्यानं शेत गहाण टाकायला निघालेला बाप मी पाहिला आहे.

त्या मार्चमधल्या मुलीनं बाळ ठेवलं. तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. एरवी त्यांनी तीन-चार शहरं पालथी घातली असती. आता सगळं फोनवर झालं. शल्यविशारदांशी बोलणं झालं, एका परिचारिकेनं व्हिडिओवर बोंडल्यानं पाजायला शिकवलं. जुलैच्या अखेरीस बाळ झालं. ओठ आणि हिरडी दुभंगलेली होती. टाळूचं मला सांगता आलं नव्हतं, ती अखंड निघाली. साथीमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, फेब्रुवारीत झाली. तोवर बाळाचं वजन छान वाढलेलं होतं.

मागच्या वर्षी दुसऱ्या खेपेला ती आली. सोबत सासूबाई आणि चार वर्षांची वात्रट पोरगी. मी ओठावर आले तशी खोलीत शांतता पसरली. या वेळी मी बोलायची थांबले नाही. "आता ओठ बघतेय. ही एक नाकपुडी, ही दुसरी. पट्टी सलग आहे. टाळू मला इथून पूर्ण दिसत नाही, ती जन्मल्यावर बॅटरीनं बघून घ्यायची," असं मोठ्यानं म्हणत गेले. सासूबाईंनी नातीला उचलून पडदा दाखवला. "बघ, तुझा पण फोटो ह्याच मशिनीत काढला होता," त्या म्हणाल्या.

ग्रहणाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.